स्तोत्र २२ की यशया ५३? दुःखसहनाचा अभ्यास घ्यायचा असेल तर आधी काय उघडायचं

ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की दरवर्षी हा प्रश्न येतोच. कुणाला मंडळीत सहा आठवड्यांचा अभ्यास घ्यायचा असतो, कुणाला सेमिनरीत पेपर लिहायचा असतो, कुणी नुसतंच घरी बसून नीट वाचायचं म्हणतं, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की शुभवर्तमानात, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांत, त्याच्या दुःखसहनाची, अटकेपासून वधस्तंभावरच्या मरणापर्यंतची, जी हकिकत आहे तिच्यामागे जुन्या करारातलं नेमकं काय आहे, आणि वेळ थोडा असेल तर कुठून सुरुवात करायची, स्तोत्रसंहितेतलं २२ वं स्तोत्र की यशया संदेष्ट्याचा ५३ वा अध्याय. मधेच कुणीतरी जखऱ्या संदेष्ट्याचं नाव काढतं, कॅथलिक मित्र शलमोनाच्या ज्ञानाच्या ग्रंथाची आठवण करून देतात, आणि मग ठरवणारा माणूस अजूनच गोंधळतो.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. मार्क हातात घेणार असाल तर आधी स्तोत्र २२. यशया ५३ त्याच्यानंतर, पण वगळायचं नाही. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात, मीही पहिल्या वेळी तेच केलं, यशयापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात अडकले, कारण कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं की ताई, वधस्तंभाच्या प्रसंगात मार्क यशया ५३ मधली ओळ कुठे देतो ते दाखवा ना, आणि मी पानं उलटत राहिले. ती ओळ तिथे नाहीच. काही छापील बायबलांत मार्क १५:२८ म्हणून एक वचन असतं, तो अपराध्यांत गणला गेला असं, पण मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते नाही, लूक २२:३७ मधून नंतर कुणीतरी तिथे आणून घातलेलं आहे. त्या दिवशी घरी येऊन मी लाल आणि निळी पेन्सिल घेतली, मार्कचे १४ आणि १५ अध्याय पुढ्यात ठेवले, स्तोत्रांचा धागा दिसला की लाल, यशयाचा दिसला की निळा, अशा खुणा करत गेले. १५ व्या अध्यायाचं पान जवळजवळ लालच झालं.

तुलना करायच्या आधी एक गोष्ट साफ करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वाकडं वाचलं जातं. मशीहाने, म्हणजे ज्याची वाट बघितली जात होती त्या तारणाऱ्या राजाने, दुःख सोसावं असं जुन्या करारात स्पष्ट लिहून ठेवलंय आणि तेव्हाच्या लोकांना ते दिसलं नाही, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण स्वतः शोधून बघा. स्तोत्र २२ मध्ये मशीहा म्हणजे अभिषिक्त हा शब्द नाही. यशया ५३ मध्येही नाही, तिथे सेवक आहे. अभिषिक्त आणि मरण या दोन गोष्टी एकत्र येतात त्या दानीएल ९:२६ मध्ये, आणि गंमत अशी की येशूच्या मरणाबद्दल बोलताना चारही शुभवर्तमानं त्या वचनाकडे जात नाहीत. येशूच्या काळाच्या आसपास लोक ज्या मशीहाची वाट बघत होते तो कसा होता हे बघायचं तर शलमोनाची स्तोत्रं म्हणून जो संग्रह आहे, बायबलबाहेरचा, रोमन सेनापती पाँपे इ.स.पू. ६३ मध्ये यरुशलेमात घुसला त्यानंतरच्या वर्षांतला, त्यातलं १७ वं स्तोत्र वाचा. तिथला दाविदाचा पुत्र परक्यांना हाकलून यरुशलेम शुद्ध करणारा राजा आहे. मार खाणारा, नागवला जाणारा, टांगला जाणारा नाही. म्हणूनच प्रेषित पौल १ करिंथ १:२३ मध्ये म्हणतो की वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आहे.

म्हणजे क्रम असा दिसतो की आधी वधस्तंभ झाला, मग शिष्य शास्त्राकडे परत गेले. ते फार लवकर गेले हेही दिसतं, कारण पौल इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास करिंथकरांना लिहितो तेव्हा ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आपल्या पापांबद्दल मरण पावला हे वाक्य मला मिळालेलं आहे आणि तेच मी तुम्हाला दिलं असं सांगतो, म्हणजे ते त्याच्याही आधीचं. पण शास्त्राप्रमाणे म्हणजे कुठलं शास्त्र? तो सांगत नाही. मार्क ९:१२ मध्ये येशू म्हणतो मनुष्याच्या पुत्राने पुष्कळ दुःखं सोसावी असं लिहिलेलं आहे, कुठे ते मार्क सांगत नाही. लूक २४ मध्ये अम्माऊसच्या वाटेवर येशूने दोन शिष्यांना मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांपर्यंत अर्थ उलगडून सांगितला म्हणे, पण एकही वचन दिलेलं नाही! मला ती ओळ वाचताना दरवेळी वाटतं की त्या दोघांपैकी एकाने तरी लिहून ठेवायला हवं होतं. ते लिहिलेलं नाही म्हणून तर आपल्याला हे चार-पाच मजकूर समोर मांडून बघावं लागतंय.

आता स्तोत्र २२ बघू. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण लोक याला फक्त पहिल्या ओळीपुरतं ओळखतात.

मार्क १५:२४, शिपाई येशूची वस्त्रं वाटून घेतात, कुणाला काय मिळावं म्हणून चिठ्ठ्या टाकतात. ही स्तोत्राची १८ वी ओळ. मार्क १५:२९, येणारे-जाणारे डोकी हालवून निंदा करतात. ही स्तोत्राची ७ वी ओळ. मार्क १५:३४, तिसऱ्या प्रहरी येशू मोठ्याने ओरडतो, एलोई एलोई लमा सबखथनी, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. ही स्तोत्राची १ ली ओळ. बघा, १८, मग ७, मग १. मार्क स्तोत्र शेवटाकडून सुरुवातीकडे नेतो. स्तोत्रातला माणूस हाकेपासून सुरुवात करतो आणि हळूहळू भरवशाकडे जातो, २२ व्या ओळीनंतर तर तो मंडळीत स्तुतीच करायला लागतो आणि शेवटी सगळी राष्ट्रं देवाकडे वळतात. मार्कमध्ये वाट उलटी आहे, कपडे जातात, मग मान जाते, आणि शेवटी फक्त ती हाक उरते. हा उलटा क्रम मार्कने मुद्दाम केला का याच्यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत, पण गटात हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की खोली शांत होते, मी बघितलंय.

आणि स्तोत्र २२ एकटं येत नाही, हा खरा महत्त्वाचा पॉइंट. त्याच्याबरोबर नीतिमान पीडिताची सगळी स्तोत्रंच येतात. माझ्याबरोबर जेवणारा मला धरून देईल हे मार्क १४:१८, त्यामागे स्तोत्र ४१. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत माझा जीव अति खिन्न झाला आहे, त्यामागे स्तोत्र ४२ आणि ४३ मधलं पालुपद. आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, स्पंजात भरून प्यायला देणं, स्तोत्र ६९:२१. बायका दुरून बघत उभ्या आहेत, स्तोत्र ३८:११, जिथे आपली माणसं दूर उभी राहतात. आणि या सगळ्यात मार्क एकदाही असं लिहिलेलं आहे म्हणून थांबत नाही. तो कोट देतच नाही, स्तोत्राचे शब्द थेट प्रसंगात मुरवतो. आपल्याकडे ज्याला अभंग पाठ असतात तो बोलताना तुकारामांची अर्धी ओळ सहज बोलून जातो, नाव घेत नाही, ऐकणाऱ्यालाही सांगावं लागत नाही, तसंच काहीसं हे आहे, ज्यांची स्तोत्रं तोंडपाठ होती त्यांनी ही हकिकत सांगितली आणि तशाच लोकांनी ती ऐकली.

पण हे तर एका आजारी किंवा छळलेल्या माणसाचं गाऱ्हाणं, त्याचा मशीहाशी काय संबंध, असं कुणी विचारेल आणि विचारायलाच हवं. जोड आहे ती दावीद. स्तोत्राच्या मथळ्यावर दाविदाचं नाव आहे, त्या काळी ही दाविदाची प्रार्थना म्हणूनच वाचली जायची, आणि दावीद स्वतः अभिषिक्त राजा, ज्याच्या वंशात मशीहा यायचा. राजाने स्वतः असं रडून म्हटलंय, तर राजाच्या पुत्राच्या तोंडी ते का नसावं? म्हणजे राजाने दुःख भोगलं हे सांगायला शिष्यांना बाहेर कुठे जावं लागलं नाही, दाविदाच्याच तोंडचे शब्द घरात होते. मार्कच्या १५ व्या अध्यायात यहुद्यांचा राजा हे शब्द परत परत येतात, आणि त्याच अध्यायात दाविदाचं स्तोत्र सगळीकडे पसरलेलं आहे, हे एकत्र ठेवून वाचा.

या स्तोत्राची एक अडचणही सांगते, गटात ती निघतेच. १६ व्या ओळीत त्यांनी माझे हातपाय विंधले असं आपण वाचतो, आणि लगेच सगळे म्हणतात बघा, खिळे! पण हिब्रू बायबलच्या पारंपरिक पाठात तिथे सिंहासारखे माझे हात आणि माझे पाय असं काहीतरी अर्धवट वाक्य आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, खणले किंवा भोसकले अशा अर्थाचं क्रियापद आहे, आणि मृत समुद्राजवळच्या नहल हेवेरमध्ये सापडलेल्या स्तोत्रांच्या एका तुकड्यातही तो शब्द क्रियापदासारखा लिहिलेला दिसतो. वाद आहे आणि तो वाद भाषेचा आहे, कुणाच्या लबाडीचा नाही. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की चारांपैकी एकही शुभवर्तमान ही ओळ वापरत नाही. वधस्तंभाला ती सगळ्यात फिट बसली असती! तिचा ठळक उपयोग दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर करतो. म्हणून ज्याला स्तोत्र २२ शिकवायचंय त्याने खिळ्यांच्या ओळीवर अख्खा आठवडा घालवू नये, शुभवर्तमानकारांनीच तिच्यावर वजन टाकलेलं नाही.

इथेच तो मोठा वाद येतो, की हे प्रसंग घडले म्हणून स्तोत्र आठवलं, की स्तोत्र होतं म्हणून प्रसंग लिहिले गेले. गेल्या शतकाच्या शेवटी अभ्यासक जॉन डॉमिनिक क्रॉसन यांनी दुसरी बाजू जोराने मांडली आणि रेमंड ब्राऊन यांनी घटनांचा गाभा आधी होता असं धरलं. माझं मत ब्राऊन यांच्या बाजूला झुकतं पण पूर्ण नाही. कपडे वाटून घेणं घ्या. रोमन कायद्याच्या संग्रहातच शिक्षा झालेल्याच्या अंगावरच्या वस्तू कुणाला मिळाव्यात यावर नियम आहे, म्हणजे शिपायांनी कपडे घेणं ही रोजची बाब होती, त्यासाठी स्तोत्र लागत नाही. पण चिठ्ठ्या टाकण्याचे शब्द स्तोत्राचेच आहेत. आणि योहानाकडे या, १९:२४ मध्ये तो स्तोत्र उघडपणे उद्धृत करतो आणि त्याच्या दोन सारख्या अर्थाच्या ओळींना दोन वेगळ्या कृती समजतो, वस्त्रांचे चार वाटे केले आणि बिनशिवणीच्या झग्यावर चिठ्ठ्या टाकल्या. हिब्रू कवितेत तर एकच गोष्ट दोनदा म्हणायची पद्धतच आहे. म्हणजे योहानाच्या इथे स्तोत्राने प्रसंगाला आकार दिलेला साफ दिसतो. आणि जर सगळंच स्तोत्रावरून रचलं असतं तर हातपायांची ती ओळ का सोडली असती, हे मला सुटत नाही.

आता यशया. पहिली सूचना, ५३:१ पासून सुरू करू नका, ५२:१३ पासून करा. अध्यायांची विभागणी मध्ययुगातली आहे आणि इथे ती चुकीच्या जागी पडली आहे, पाहा माझा सेवक इथून गाणं सुरू होतं. १८९२ मध्ये बर्नहार्ड डूम या जर्मन अभ्यासकाने यशयात सेवकाची चार गाणी वेगळी काढून दाखवली, ४२, ४९, ५० आणि हे चौथं, तेव्हापासून ही नावं रूढ झाली. चारही गाणी बाबेलच्या बंदिवासाच्या काळातली, इ.स.पू. सहाव्या शतकातली, असं बहुतेक अभ्यासक धरतात.

यशया ५३ ची ताकद कशात आहे ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्यांच्या अपराधांमुळे हा घायाळ झाला, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्ही बरे झालो. स्तोत्र २२ मध्ये हे कुठेच नाही. स्तोत्रातला माणूस कुणासाठी सोसत नाही, तो नुसता सोसतो आणि देव त्याला सोडवतो. म्हणजे येशू कसा मेला हे सांगायला स्तोत्र आणि का मेला हे सांगायला यशया, अशी ढोबळ वाटणी केली तर फार चुकणार नाही. शुभवर्तमानात का या प्रश्नाचं उत्तर कमी ठिकाणी आहे पण जिथे आहे तिथे यशयाचा वास येतो. मार्क १०:४५, मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. मार्क १४:२४, हे पुष्कळांसाठी ओतलं जाणारं रक्त. पुष्कळ हा शब्द यशयाच्या त्या गाण्याच्या शेवटी परत परत येतो. स्वाधीन करणं हे क्रियापद मार्कमध्ये धरून देणाऱ्या यहूदापासून रोमन सुभेदार पिलातापर्यंत हातातून हातात जातं, आणि ग्रीक यशया ५३ मध्येही ते आहे. पिलातासमोर येशूचं गप्प राहणं, कातरणाऱ्यांपुढे मुक्या मेंढीसारखं. थुंकणं आणि थोबाडीत मारणं तर यशया ५० मधून, तिसऱ्या गाण्यातून.

पण पेन्सिल घेऊन बसलात की एक विचित्र गोष्ट कळते. शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये यशया ५३ चं नाव घेऊन किंवा उघड उद्धृत करून जिथे वापरतात तिथे ते काय घेतात? मत्तय ८:१७ मध्ये आमचे विकार त्याने वाहिले ही ओळ आहे, पण ती येशूने आजारी लोकांना बरं केलं त्यासाठी, वधस्तंभासाठी नाही. योहान १२:३८ मध्ये ५३:१, लोकांनी विश्वास का ठेवला नाही त्यासाठी. लूक २२:३७ मध्ये अपराध्यांत गणला गेला एवढंच. आणि प्रेषितांची कृत्ये ८, इथे तर मला नेहमी थांबायला होतं. इथिओपियाचा खजिनदार रथात बसून मोठ्याने यशया वाचतोय, फिलिप्प धावत जाऊन विचारतो, कळतंय का वाचताय ते. लूक उतारा देतो, मेंढरासारखा वधायला नेला, तोंड उघडलं नाही, त्याचा जीव पृथ्वीवरून काढून घेतला, आणि तिथेच थांबतो. मूळ यशयात त्याच वचनाची पुढची ओळ आहे माझ्या लोकांच्या अपराधामुळे. अगदी तीच ओळ लूक देत नाही! त्याने मार्क १०:४५ मधला खंडणीचा शब्दही घेतलेला नाही. लूकसाठी येशू म्हणजे निर्दोष असून मारलेला नीतिमान सेवक, म्हणून त्याचा शताधिपती म्हणतो खरोखर हा नीतिमान होता. आमच्यासाठी सोसलं हा भाग यशयाच्या शब्दांत उघडपणे सांगणारा नव्या करारातला उतारा म्हणजे १ पेत्र २, आणि ते पत्र आहे, शुभवर्तमान नव्हे.

याच मुद्द्यावर १९५९ मध्ये अभ्यासक मॉर्ना हूकर यांनी म्हटलं की शुभवर्तमानांवर यशया ५३ चा प्रभाव आपण समजतो तेवढा नाही, आणि त्याआधी योआखिम जेरेमियास यांच्यासारखे मोठे अभ्यासक अगदी उलट सांगत होते. पेपर लिहिणाऱ्यांनी हे दोन्ही पक्ष घ्यावेत, विषय भरपूर पुरतो. मला स्वतःला मार्क १०:४५ मध्ये यशया ऐकू येतो, पण तो हळू आवाजात येतो, आणि आपण उपदेशात त्याचा आवाज फार मोठा करून ठेवला आहे असं मला मनापासून वाटतं. चार्ल्स हॅरल्ड डॉड यांनी १९५२ मध्ये दाखवलं तेही लक्षात ठेवा, की एक ओळ दिली की तिच्या आजूबाजूचा सगळा भाग अभिप्रेत असू शकतो. तसं असेल तर लूक गप्प राहिला म्हणून विसरला असं होत नाही. हा प्रश्न उघडाच आहे.

यशयाच्या बाजूने अजून एक गोष्ट मोठी आहे, मजकुराची. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेतून जी यशयाची मोठी गुंडाळी निघाली ती ७ मीटरपेक्षा लांब आहे, येशूच्या शंभरएक वर्षं आधीची, आणि त्यात हा सगळा अध्याय आहे. ५३:११ मध्ये तिथे तो प्रकाश पाहील असं आहे, ग्रीक भाषांतरातही प्रकाश आहे, पारंपरिक हिब्रू पाठात तो शब्द नाही. दुःखानंतर प्रकाश, पुनरुत्थान मानणाऱ्या वाचकाला एवढा एक शब्द किती मोठा वाटला असेल बघा.

आणि इथे एक काळजी घ्या, हे मी कळकळीने सांगते. यशया ५३ यहुद्यांनी वाचलं नाही किंवा मुद्दाम दडवलं असं गटात कुणी बोललं तर तिथेच थांबवा. ख्रिस्ती विद्वान ओरिगेन तिसऱ्या शतकात लिहून ठेवतो की यहुदी विद्वानांनी त्याला सांगितलं, हा सेवक म्हणजे देशोदेशी विखुरलेली आणि मार खाल्लेली आमची सगळी प्रजा. अकराव्या शतकात यहुदी भाष्यकार राशीनेही तेच म्हटलं. तार्गुममध्ये, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या अरामी भाषांतरात, सेवक मशीहाच आहे, पण दुःखं दुसऱ्यांच्या वाट्याला दिलेली आहेत. ज्या लोकांनी बाबेलपासून पुढे एवढं भोगलं त्यांना त्या गाण्यात स्वतःचा चेहरा दिसला यात दडवण्यासारखं काय आहे? आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, शेजारी ज्यांनी बघितलेत, त्यांना हे सांगावं लागू नये.

जखऱ्या थोडक्यात, कारण तो मूळ प्रश्नातला नाही, पण ९ ते १४ हे अध्याय चाळले तरी चकित व्हाल. गाढवावर बसून येणारा राजा ९:९, तीस रुपये, म्हणजे चांदीचे तीस तुकडे, ११:१२, मेंढपाळाला मार म्हणजे मेंढरं पांगतील १३:७, ज्याला विंधलं त्याच्याकडे ते पाहतील १२:१०. मार्कच्या दुःखसहनाच्या हकिकतीत असं लिहिलेलं आहे म्हणून प्रत्यक्ष दिलेलं वचन एकच आहे, मार्क १४:२७, आणि ते जखऱ्याचं आहे, स्तोत्राचं नाही आणि यशयाचंही नाही. शिवाय मार्कमध्ये मार हा आदेश बदलून मी मारीन असं झालंय, म्हणजे मारणारा देवच. हा एक बदल घेऊन एक अख्खी संध्याकाळ चर्चा होऊ शकते. मत्तयाला जखऱ्या सगळ्यात जास्त आवडतो, यहूदाला येशूला धरून देण्याबद्दल मिळालेल्या तीस रुपयांचं वचन तो यिर्मयाच्या नावावर देतो, कारण त्या पैशांनी घेतलेलं कुंभाराचं शेत तो यिर्मयाच्या कुंभाराशी जोडतो असं मानतात, आणि हिब्रूत कुंभार आणि खजिना हे शब्द इतके जवळचे आहेत की मत्तयाच्या हकिकतीत मंदिराचा खजिनाही येतो आणि कुंभाराचं शेतही. तीस शेकेल ही निर्गम २१:३२ मध्ये बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाई आहे, हे सांगायला विसरू नका.

शलमोनाच्या ज्ञानाचा ग्रंथ, अध्याय २, ओळ १२ ते २०, ज्यांच्या घरी कॅथलिक बायबल आहे त्यांनी आजच काढून वाचा. प्रोटेस्टंट पवित्र शास्त्रात हा ग्रंथ छापत नाहीत म्हणून आपल्यातले कितीतरी जण याला मुकले आहेत. दुष्ट लोक म्हणतात, हा नीतिमान देवाला बाप म्हणतो, बघू तर, हा देवाचा पुत्र असेल तर देव याला सोडवेल, याला लाजिरवाण्या मरणाची शिक्षा देऊ. आता मत्तय २७:४३ वाचा, त्याने देवावर भरवसा ठेवला, देव त्याला सोडवो, कारण मी देवाचा पुत्र आहे असं तो म्हणाला. पहिला भाग स्तोत्र २२:८, शेवटचा थेट या ग्रंथातल्यासारखा. मत्तय शिकवणार असाल आणि गट मिश्र असेल, प्रोटेस्टंट-कॅथलिक दोन्ही, तर हा उतारा कागदावर काढून द्याच.

योहान घेणार असाल तर मात्र माझा सल्ला बदलतो. योहानात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेची आठवण करणाऱ्या सणाचा, कोकरा मुख्य आहे, येशू सणाच्या तयारीच्या दिवशी मरतो, एजोब (वल्हांडणात रक्त लावायला वापरायची ती वनस्पती) येतो, हाड मोडत नाही, आणि मग जखऱ्याचा विंधलेला. तिथे निर्गम १२ आधी, स्तोत्र २२ झग्यापुरतं. दानीएल ७ ची गरज मनुष्याचा पुत्र हे नाव समजून घ्यायला लागते, पण तिथला मनुष्याच्या पुत्रासारखा स्वतः दुःख सोसताना दिसत नाही, तो मेघांवर येतो आणि राज्य घेतो. दुःख तिथे पवित्र जनांच्या वाट्याला आहे. एवढं सांगून पुढे जायचं.

मग प्रत्यक्ष काय करायचं. तरुणांचा गट असेल, बायबलशी फार ओळख नसेल, तर स्तोत्र २२ आणि मार्क १५, कारण शोधून काढायचा आनंद लगेच मिळतो आणि कुणालाही हिब्रू-ग्रीक लागत नाही. वर्षानुवर्षं मंडळीत येणारे मोठे लोक असतील ज्यांना प्रायश्चित्ताची भाषा पाठ आहे, त्यांनाही स्तोत्रच आधी द्या, कारण त्यांनी ती हाक नीट ऐकलेलीच नसते, लगेच तिचं स्पष्टीकरण द्यायला लागतात. पुष्कळ जण म्हणतात की येशूने पहिली ओळ म्हटली म्हणजे मनात अख्खं स्तोत्र होतं, शेवटची स्तुतीसुद्धा. असेलही. पण मार्कने शेवट लिहिला नाही, हाक लिहिली, आणि मला वाटतं तिच्याजवळ थोडा वेळ बसायला हवं. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल अशा माणसाला स्तोत्र २२ च्या पहिल्या ओळी जेवढ्या जवळच्या वाटतात तेवढं यशयाचं कुठलंही भाष्य वाटत नाही, हे मी दोन-तीनदा अनुभवलंय.

यशया आधी घ्या असं मी फक्त तिथे म्हणेन जिथे गटाचा प्रश्नच असा असेल की तो आमच्यासाठी मेला म्हणजे काय. किंवा सेमिनरीचा पेपर, जिथे वादाचे दोन पक्ष हवेत.

कॅथलिक उपासनेत ही विभागणी आधीपासून आहे, ते मला फार समाधान देतं. झावळ्यांच्या रविवारी यशया ५० आणि स्तोत्र २२ वाचतात, त्याबरोबर त्या वर्षाच्या क्रमाने मत्तय, मार्क किंवा लूक. उत्तम शुक्रवारी यशया ५२:१३ पासून ५३ चा शेवट, स्तोत्र ३१, आणि योहानाची हकिकत. म्हणजे आधी स्तोत्र २२, मग पाच दिवसांनी यशया ५३.

भाषांतराचं एक. दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा, जमलं तर पंडिता रमाबाईंचं मिळवा. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केडगावला सगळं बायबल उतरवलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं. दोन भाषांतरांत शब्द वेगळा दिसला की लोक आपोआप विचारायला लागतात, तुम्हाला काही करावं लागत नाही.

पहिल्या दिवशी मार्क १५:२० ते ३९ एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक बंद ठेवायचं. मग लगेच दुसऱ्याने स्तोत्र २२ वाचायचं, सगळंच्या सगळं, ३१ ओळी. मधे काही बोलायचं नाही. मग पेन्सिली वाटायच्या. चौथ्या आठवड्यात यशया ५२:१३ वर आलात की इथिओपियाच्या त्या माणसाने फिलिप्पला विचारलेला प्रश्न फळ्यावर लिहा, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतोय, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी, आणि पहिला अर्धा तास उत्तर देऊ नका.